स्थिर वस्तूचा आलेख

चावी कुलपात पूर्ण आत गेली, उजवीकडे साधारण पंधरा अंश फिरली आणि अडली. मी ती बाहेर काढली, तिचे दात ओढणीला पुसले, पुन्हा घातली. पुन्हा पंधरा अंश. जोर लावला तर वीसपर्यंत जात होती, पण तो वरचा पाच अंशांचा फरक माझ्या बोटांचा होता, कुलपाचा नव्हता. दारावर २१४ लिहिलेलं होतं. खाली तपकिरी पायपुसणं होतं, आमचंही तपकिरीच आहे. कॉरिडॉरमध्ये परतलेल्या कांद्याचा वास होता आणि तोही रोजच्यासारखा होता. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी तिसऱ्यांदा चावी घातली तेव्हा मनात आलं की आप्पांनी आतून काहीतरी करून ठेवलं असणार. चावी आतल्या बाजूने तशीच ठेवली असेल, नाहीतर खटका पाडला असेल. चूक आप्पांची असणार, हा माझा पहिला विचार होता. दुसरा विचार येईपर्यंत दार उघडलं.

समोर पन्नाशीचा एक माणूस उभा होता. पांढरा बनियन, सलवार, डोळ्यांत झोप. हा आमच्या घरात काय करतोय, असं मला क्षणभर खरंच वाटलं. मग त्याच्या खांद्यावरून आतलं दिसलं. आमचा फ्रीज असतो तिथे लोखंडी दुमजली पलंग होता आणि वरच्या पलंगावर कुणीतरी तोंडावर चादर घेऊन झोपलेलं होतं.

"मॅडम, ये छत्तीस नंबर बिल्डिंग है," तो शांतपणे म्हणाला. हे वाक्य त्याने आधीही कधीतरी म्हटलेलं असावं. "आपको छब्बीस चाहिए. पीछेवाली लाइन."

मी सॉरी म्हटलं. चावी अजून कुलपातच होती, ती मी काढून घेतली. तो माझ्याकडे जरा निरखून बघत होता.

"आप चाचाजी की बेटी हैं ना? साधना मॅडम? फिजिक्सवाली?"

मी मान हलवली. त्याने आपलं नाव अक्रम सांगितलं. एका कंपनीच्या कामगारांची बस तो चालवतो, संध्याकाळी सहाला ड्यूटी सुरू होते, त्यामुळे दुपारी झोपतो. "चाचाजी पाँच बजे आते हैं. मैं उठता हूँ, चाय बनाता हूँ, फिर दोनों पीते हैं. पहली दफ़ा ग़लती से आए थे, आपकी तरह चाबी लगा रहे थे. अब ग़लती से नहीं आते." तो हसला. "मैं स्वात का हूँ, वो भी पहाड़ के ड्राइवर. बात हो जाती है."

आप्पांचं हिंदी मला माहीत आहे. बात कशी होत असेल, ते कळेना. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, रोज येतात का. त्याने बोटांवर हिशेब केला, म्हणाला, हफ्त्यातून चार-पाच वेळा. "मार्च में बोले थे कि वतन जा रहे हैं. गले-वले मिलके गए. तीसरे दिन फिर आ गए. बोले, बेटी के इम्तिहान हैं."

"मेरे नहीं," मी म्हटलं. "बच्चों के."

"हाँ जी," अक्रम म्हणाला. "इम्तिहान तो हर साल होते हैं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

जिना उतरताना मी पायऱ्या मोजल्या. आमच्या जिन्याला जेवढ्या आहेत तेवढ्याच होत्या. खाली येऊन मी उन्हात उभी राहिले आणि चूक कशी झाली ते शोधू लागले. कारण होतं. शाळेतली रंजिता मला रोज तिच्या गाडीतून आणते आणि मेट्रोच्या बाजूला सोडते. आज त्या बाजूला रस्ता खणलेला होता म्हणून तिने मला विरुद्ध बाजूच्या गेटपाशी सोडलं. मी उतरले, फोनमध्ये बघत चालू लागले आणि रोजच्यासारखी तिसऱ्या इमारतीत शिरले. दिशा उलटी, मोजणी तीच. या आखाती शहरातल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या इमारती एकाच साच्यातून काढल्यासारख्या आहेत, तीच उंची, तोच पिवळसर रंग, दारापुढे तीच बुटकी खजुरीची झाडं. अकरा वर्षं इथे राहूनही उलट्या बाजूने आल्यावर मी चुकले. याला मी चूक म्हणाले. नोव्हेंबरमध्ये आप्पा चुकले तेव्हा मी त्याला लक्षण म्हणाले होते.

नोव्हेंबरमधल्या त्या दिवशी ते चारला खाली गेले आणि सातला परत आले. मधले तीन तास मी सव्वीस नंबरभोवती वाढत्या त्रिज्येची वर्तुळं मारत होते. फुजैराला माझ्या नवऱ्याला, सुजीतला, फोन केला. सुजीत तिथल्या तेल टर्मिनलवर आहे, सोमवार ते शुक्रवार तिकडेच राहतो. तो म्हणाला, मी निघतो, दीड तास लागेल, तोवर पोलिसांना कळव. मी फोन हातात घेऊन उभी असताना आप्पा समोरून चालत आले, हात मागे बांधलेले, एसटीच्या डेपोत फिरायचे तसे. "फिरत होतो," एवढंच म्हणाले. शर्टाला वेलचीचा वास येत होता. तो वास मला तेव्हाही आला होता. त्याचं काय करायचं ते न कळून मी तो सोडून दिला. निष्कर्षाशी न जुळणारं निरीक्षण सोडून द्यायचं नसतं, हे मी दरवर्षी प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला मुलांना सांगते.

मग डॉक्टर हेमचंद्रांकडे नेलं. सौम्य माणूस. त्यांनी तीस गुणांची एक परीक्षा घेतली, प्रश्न हिंदीत. आज तारीख काय, हे शहर कुठलं, हा मजला कितवा. ऋतू कुठला, असं विचारल्यावर आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "हितं ऋतू हाय का?" डॉक्टर हसले, पण तो गुण त्यांना देता आला नाही. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तेव्हा त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी एवढं धडाधड सांगून ते थांबले आणि म्हणाले, "कुठवर न्यायाचं?" तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, सेब, मेज, रुपया. पाच मिनिटांनी त्यांनी सेब आणि रुपया सांगितलं आणि तिसरा शब्द म्हणून ठामपणे 'स्टेपनी' म्हणाले. एकूण तेवीस. डॉक्टर म्हणाले, चोवीसच्या खाली गेलं की आम्ही लक्ष ठेवतो, पण भाषा, शिक्षण, नवी जागा, सगळ्याचा परिणाम असतो. तीन महिन्यांनी पुन्हा आणा. मी मोजमापांतली माणूस आहे. तेवीसच्या पुढे 'अधिक-उणे' किती लिहायचं, हे मी त्यांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा नेलंही नाही. त्या कागदाचा फोटो मात्र माझ्या फोनमध्ये आहे आणि आप्पांनी 'मग कवा जायाचं?' असं विचारलं की मी मनातल्या मनात तो उघडते. त्यांना कधी दाखवला नाही. त्यांना मी म्हणते, पेपर संपू देत. मग म्हणते, उन्हाळा जाऊ दे. मग पेपर येतात.

आप्पांना इस्लामपूरला जायचं आहे. एसटी कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत त्यांच्या दोन खोल्या आहेत, वर पत्रा नाही, स्लॅब आहे, याचा त्यांना अभिमान आहे. शेजारी किसनकाका राहतात, आप्पांचे कंडक्टर. सोळा वर्षं दोघं एका गाडीवर होते. आई गेल्यावर मी आप्पांना घेऊन आले तेव्हा म्हटलं होतं, सहा महिने. आता दोन वर्षं होऊन गेली. त्यांचा व्हिसा सुजीतच्या नावावर आहे आणि तो दर वर्षी वाढवावा लागतो. वीस मेला संपतोय. वाढवला तर आणखी एक वर्ष. नाही वाढवला तर ते जातील, आणि या वयात पुन्हा सगळी कागदपत्रं, मेडिकल, बोटांचे ठसे करून त्यांना आणणं कुणी करणार नाही, हे मला आणि सुजीतला माहीत आहे. म्हणजे प्रश्न साधा होता. जाऊ द्यायचं, की ठेवायचं. एप्रिल संपत आला तरी मी तो तसाच ठेवला होता.

घरी माझ्या चावीने माझं दार उघडलं. ते उघडलं याचं मला आश्चर्य वाटलं, आणि आश्चर्य वाटलं याचं जास्त. आप्पा हॉलमधल्या दिवाणावर कुशीवर झोपले होते. त्यांची पावलं एकावर एक ठेवलेली होती, उजवं वर, जणू ब्रेकवर. मी पाणी प्यायले आणि खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत राहिले. श्वास मोजायचा नव्हता, पण मी मोजला. मिनिटाला चौदा. या माणसाला माझ्या नकळत एक मित्र होता, चहा होता, रोजची वेळ होती. माझ्याजवळ तेवीस हा आकडा होता. दोन्हींपैकी कुठली गोष्ट म्हणजे आप्पा, ते मला सांगता येईना.

इरा तिच्या खोलीतून बाहेर आली, कानात इअरफोन. बारावीत गेली आहे. मी तिला हळू आवाजात विचारलं, "आजोबा छत्तीस नंबरमध्ये जातात, तुला माहीत होतं?"

"अक्रम अंकल? येस." तिने फ्रीज उघडला. "ही इज नाइस. ही मेक्स कहवा."

"मला का नाही सांगितलंस?"

"यू डिडन्ट आस्क. यू जस्ट कीप आस्किंग इफ ही वॉज लॉस्ट." तिने दह्याचा डबा घेतला आणि आजोबांकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "आई, ही इज नॉट लॉस्ट. ही इज बोअर्ड. देअर इज अ डिफरन्स."

तिच्या खोलीचं दार लागलं. फरक आहे, हे मलाही मान्य होतं. पण तो बाहेरून कसा ओळखायचा?

आज सकाळीच तिसऱ्या तासाला नववीला गतीचा धडा सुरू केला होता. अंतर, विस्थापन, चाल, वेग. मी हे शब्द मराठीत शिकले आणि इंग्रजीत शिकवते, त्यामुळे वर्गात बोलताना माझ्या डोक्यात नेहमी एक पुसट दुसरा फळा असतो. फळ्यावर दोन अक्ष काढले, आडवा काळाचा, उभा स्थानाचा, आणि उदाहरण म्हणून जे तोंडात आलं ते सांगितलं: एक आजोबा पाच वाजता घरातून निघतात, सहाशे मीटर चालतात, दहा मिनिटं थांबतात, परत येतात. आलेख काढा. ईश्वरी नावाची एक मुलगी आहे, सगळं सावकाश करते, तिने हात वर केला. "मॅम, इज होम ऑलवेज झीरो?" मी म्हटलं, नाही. शून्य तुम्ही निवडायचं. घर घ्या, शाळा घ्या, कोपऱ्यावरचं ग्रोसरीचं दुकान घ्या. पण एकदा निवडलं की गणित संपेपर्यंत बदलायचं नाही. मुलांनी ते लिहून घेतलं. माझंच वाक्य ऐकून मी फळ्याकडे तोंड केलं आणि नसलेली खडूची धूळ पुसली, कारण आमच्याकडे खडू नाहीत, पेन आहेत. आप्पांच्या बाबतीत मी शून्य सतत बदलत आले आहे. त्यांना इथे ठेवायचं असतं तेव्हा म्हणते, लेकीचं घर म्हणजे घरच की. इराला सुट्टीत कुठे न्यायचं ठरतं तेव्हा इस्लामपूर हे घर असतं, 'घरी जाऊन येऊ'. सुजीत शुक्रवारी फुजैराहून निघतो तेव्हा 'घरी येतोय' म्हणतो आणि रविवारी 'निघतो आता' म्हणतो, तिकडच्या खोलीला तो काय म्हणतो ते मी विचारलेलं नाही. एकाच गणितात तीन शून्यं. उत्तर कसं येणार?

मग देवांश, मागच्या बाकावरचा, म्हणाला, "मॅम, व्हेन ही स्टॉप्स फॉर टेन मिनिट्स, मेबी ही फर्गॉट द वे." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "मेबी ही इज ऑन व्हॉट्सअॅप." मी म्हटलं, काहीही असो, थांबला की रेघ आडवी. आलेख कारण विचारत नाही. विश्रांती असो, विसर असो, वाट बघणं असो, रेघ एकच. वर्गाला हे आवडलं. मलाही त्या वेळी आवडलं होतं.

आप्पांनी मला पहिलं फिजिक्स शिकवलं असं मी कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते त्यांना स्वतःला माहीत नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. सुट्टीत ते मला चिपळूणच्या गाडीवर न्यायचे. तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी आतच असे, त्याच्या बॉनेटवर जाड घोंगडं टाकलेलं, त्यावर मी बसायची. खालून ऊब यायची, पाय थरथरायचे. पाटण सोडलं की मी चिंचा खायची. एकदा एक चिंचोका हातातून सुटला आणि सरळ माझ्या पायाशी पडला. मला ते चमत्कारिक वाटलं. गाडी एवढी पुढे पळतेय, तर चिंचोका पडेपर्यंत त्याने मागे जायला पाहिजे होतं, किसनकाकांच्या तिकिटांच्या पेटीपर्यंत तरी. मी पुन्हा सोडला. पुन्हा पायाशी. मी आप्पांना विचारलं. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "त्यो बी गाडीतच बसलाय न्हवं," ते म्हणाले. "तुझ्याबरोबरच चढला इस्लामपुरात." पुढे अकरावीत जडत्व आलं तेव्हा सगळ्यांना अवघड गेलं, मला वाटलं यात शिकवण्यासारखं काय आहे. कुंभार्ली घाट उतरताना ते गाडी कधी न्यूट्रलला टाकत नसत. डिझेल वाचवायला बाकीचे टाकायचे. आप्पा म्हणायचे, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं. अठ्ठावीस वर्षांत एक अपघात नाही. त्याचा बिल्ला त्यांनी येताना बरोबर आणला होता आणि इथल्या कपाटात, पासपोर्टच्या पाकिटात ठेवला आहे.

आणि मी? मी त्यांना कुठल्या गिअरात उतरवत होते? सुजीत म्हणतो, तू आप्पांसाठी किती करतेस. शाळेतल्या बायका म्हणतात, आमच्याकडून नाही होणार बाई. मी ऐकून घेते. पण खरं मोजमाप वेगळं आहे. सोमवार ते शुक्रवार या घरात संध्याकाळी माझ्याशी मराठीत बोलणारा एकच माणूस आहे. तो मला विचारतो, आज काय शिकवलंस. मी सांगते, आणि तो ते समजल्यासारखा हुंकारतो, आणि पुष्कळदा त्याला खरोखरच समजलेलं असतं. तो गेला तर साडेसहा ते दहा या साडेतीन तासांत मी काय करणार आहे, याचा मी दोन-तीनदा विचार सुरू केला आणि तिथेच थांबवला. म्हणजे त्यांना अडवून धरणारं बल कुठलं? त्यांचा आजार, की माझी संध्याकाळ? दोन्ही बलं एकाच दिशेने लागत असतील तर बाहेरून एकच दिसतं. कुठलं किती, हे वेगळं काढायचं तर एक बंद करून बघावं लागतं. ते मी कधी केलं नाही.

सव्वाचारला सुजीतचा फोन आला. मागे कंप्रेसरचा आवाज होता.

"अगं, व्हिसाचे अर्ज भरणाऱ्या त्या टायपिंग सेंटरवाल्याला आप्पांच्या पासपोर्टची कॉपी पाठवायचीय. तू स्कॅन करून टाकतेस? आज झालं तर पुढच्या वीकमध्ये मेडिकल उरकू."

मी म्हटलं, "सुजीत, आप्पांना जायचंय."

"ते तर दोन वर्षं जायचंय." तो थकलेला होता, वाईट बोलत नव्हता. "साधना, प्रॅक्टिकल विचार कर. तिकडे कोण आहे? किसनकाका स्वतः अठ्ठ्याहत्तरचे. गॅस चालू राहिला तर? आई गेल्या तेव्हा दूध जाळलंच होतं ना त्यांनी?"

"दूध मीपण जाळते."

"तू तेवीस मार्क नाही काढलेस." तो थांबला. "सॉरी. तसं नाही म्हणायचं. तुला खात्री असेल तर पाठव त्यांना, मी अडवणार नाही. आहे खात्री?"

खात्री नव्हती. छत्तीस नंबरच्या दारात उभी राहिल्यापासून तर जी थोडी होती तीही गेली होती, दोन्ही बाजूंची.

"मग स्कॅन पाठव," सुजीत म्हणाला. "सहाला बंद होतं सेंटर. यल्ला, चल, माझी मीटिंग आहे."

पावणेपाचला आप्पा उठले. तोंड धुतलं, शर्ट बदलला, केसांवरून ओला हात फिरवला. "जरा पाय मोकळं करून येतो," ते म्हणाले. नेहमी हेच म्हणतात. मी बरं म्हटलं. दार लागल्यावर मी दीड मिनिट थांबले आणि चपला घालून त्यांच्या मागे निघाले. बापाच्या मागे लपत जाणं मला बरं वाटत नव्हतं, पण दुसरा प्रयोग मला सुचत नव्हता.

ते माझ्यापुढे साधारण साठ मीटर होते. ऊन अजून टोकदार होतं, हवेत सिंचनाच्या पाण्याचा कोमट वास. मी गृहीत धरलं होतं तसे ते इमारतींचे नंबर वाचत नव्हते. वर बघतच नव्हते. एका ठिकाणी पाइपचं तोंड भिंतीतून बाहेर आलं होतं तिथे डावीकडे वळले, एका झाडाच्या बुंध्याला कुणी निळी दोरी बांधली होती तिथे उजवीकडे. अकरा वर्षांत ती दोरी मी पाहिली नव्हती. त्यांची चाल सावकाश होती पण एकसारखी. मी मनात आलेख काढत होते आणि रेघ सरळ, सुंदर चढत होती. मग छत्तीस नंबर समोर दिसू लागल्यावर, अलीकडच्या चौकात, ते थांबले.

एक मिनिट. मी खजुरीच्या आड उभी राहिले. दोन मिनिटं. त्यांनी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. हात मागे बांधलेले. एक डिलिव्हरीवाला बाइकवरून गेला, त्याच्याकडे त्यांनी मान वळवून बघितलं आणि मान पुन्हा जागेवर आणली. चार मिनिटं. इमारत समोर होती, वाट सरळ होती. मला भीती वाटली आणि त्याच वेळी, हे लिहायला लाज वाटते, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. बघ, हरवलेच. आता स्कॅन पाठवायला हरकत नाही. त्या सुटकेनेच मला चटका बसला. मी झाडाआडून निघाले आणि त्यांच्यापाशी गेले.

"आप्पा."

"ये," ते वळले नाहीत. "घरापासनं मागं हायस. आरसा नसला तरी मागची गाडी कळती."

"थांबलात का?"

"किसन उठला नसंल अजून."

मी त्यांच्याकडे बघितलं. "कोण?"

"आगं, ह्यो." त्यांनी हनुवटीने छत्तीसकडे दाखवलं. "पाचला उठतो. आत्ता पाचला दोन मिंटं कमी हायत. झोपंतनं उठवायचं न्हाई ड्रायव्हरला."

"अक्रम," मी म्हटलं.

"तेच की. अक्रम." मग माझ्याकडे बारीक डोळे करून, "मी काय म्हणालो?"

"किसन म्हणालात."

ते हसले, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "झालं आसंल. दोघं बी सारखंच बडबडत्यात." आणि मग, रस्त्याकडे बघत, "तुला कोण म्हणालं अक्रम?"

मी चावीची गोष्ट सांगितली. पंधरा अंश वगैरे नाही, नुसतं चुकून गेले एवढं. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मला वाटलं होतं ते चिडवतील. "हुतं आसं," ते म्हणाले. "सगळं एकसारखं बांधून ठेवलंय." जायचं कधी, हे विचारलं नाही. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी ते विचारलेलं नाही, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. शेवटचं कधी विचारलं होतं? मार्चमध्ये. अक्रमच्या गळ्यात पडून परत आले त्यानंतर एकदाही नाही. मी ते शुभचिन्ह समजत होते. रुळले, असं सुजीतला सांगितलंही होतं.

फोन वाजला, सुजीतचा मेसेज, फक्त एक प्रश्नचिन्ह. मी फोन पालथा धरला. पाच वाजले होते की नाही, कुणास ठाऊक. आप्पा जे किसन म्हणाले ते जीभ घसरून की आतलं काही घसरून, हे मला कळलं नव्हतं आणि उद्याही कळणार नव्हतं. तीस गुणांची आणखी दहा पत्रकं भरली असती तरी नाही. तिकडे गॅस राहील, दूध जळेल, किसनकाका रात्री फोन करतील आणि मी दोन हजार किलोमीटरवर असेन. हे होईल किंवा होणार नाही. मी इतके दिवस खात्रीची वाट बघत होते आणि तोवर ते इथे रस्त्यात उभे होते, कुणाच्या तरी झोपेतून उठण्याची वाट बघत. शेजारी आप्पांचा श्वास ऐकू येत होता. मी बोलायला तोंड उघडलं आणि आवाज वर्गात येतो तसा स्वच्छ, जरा मोठाच आला.

"आप्पा, तुमचा व्हिसा मी वाढवत नाही. वीस तारखेच्या आत तिकीट काढते, इस्लामपूरला सोडायला मी येईन, आणि मी एकटीच परत येईन."